आधी पूर्वपक्ष

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या धर्मग्रामात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरत असे आणि त्यातील एका तुकडीला शिकवण्याचे काम आमच्याकडे होते. देव सर्वसमर्थ आहे आणि तो दयाळू आहे, हा धडा त्या दिवशी चालला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या काकांची होडी समुद्रात गेली होती आणि परत आली नव्हती. तिने विचारले, "देव सर्व काही करू शकतो आणि तो चांगलाही आहे, तर मग काकांची होडी का बुडाली?" वर्गात एकदम शांतता पसरली. आम्ही गडबडलो. "असे प्रश्न विचारायचे नसतात. मोठी झालीस म्हणजे कळेल," असे काहीसे बोलून आम्ही पुढचा धडा उघडला. मुलगी खाली बसली. ती मोठी झाली. परंतु तो प्रश्न घेऊन आमच्याकडे पुन्हा कधी आली नाही.

त्या दिवशी आपण श्रद्धेचे रक्षण केले, अशी आमची समजूत होती. पुढे इतिहासाची पाने चाळताना ती समजूत गळून पडली. ज्या प्रश्नाला आम्ही खाली बसवले, त्याला ख्रिस्तसभेच्या जुन्या विद्यापीठांत मानाचे आसन होते. तेथे विरुद्ध मत वर्गात मांडले जाणे हा शिस्तभंग नव्हता. तो अभ्यासाचा भाग होता. विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतले नाहीत तर पाठ अपुरा राहिला असे मानले जाई. त्या वर्गांची हकिकत आपल्या कुटुंबांत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

होय आणि नाही

बाराव्या शतकाच्या आरंभी पॅरिस नगरीत पीटर आबेलार (१०७९–११४२) नावाचा एक विलक्षण बुद्धीचा अध्यापक होता. त्याचा पाठ ऐकण्यासाठी दूरदूरच्या मुलखांतून तरुण येत. स्वभावाने तो मानी होता, गुरूंनाही वादात हरवण्याची त्याला हौस होती आणि त्यापायी त्याने शत्रूही पुष्कळ जोडले. ११२० च्या सुमारास त्याने एक चमत्कारिक पुस्तक सिद्ध केले. त्याचे लॅटिन नाव 'सिक एत नोन', म्हणजे 'होय आणि नाही'. या पुस्तकात श्रद्धा, संस्कार आणि नीती यांविषयीचे १५८ प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांची वचने दिली आहेत. काही वचने 'होय' म्हणतात, काही 'नाही' म्हणतात. श्रद्धेला मानवी तर्काचा आधार द्यावा की देऊ नये, हाच त्यातील पहिला प्रश्न आहे.

आणि उत्तरे? उत्तरे आबेलारने दिलीच नाहीत. ती जागा त्याने विद्यार्थ्यांसाठी मोकळी ठेवली. मात्र प्रस्तावनेत त्याने वाट दाखवली आहे. दोन वचनांत विरोध दिसला तर घाईने कोणालाही खोटे ठरवू नये. नक्कल करणाऱ्या लेखनिकाची चूक झाली आहे काय, ते पाहावे. एकच शब्द दोघांनी वेगवेगळ्या अर्थाने वापरला आहे काय, ते तपासावे. लेखकाने ते मत पुढे स्वतःच बदलले होते काय, ते शोधावे. शंकेतून शोध सुरू होतो आणि शोधातून सत्याकडे जाता येते, ही त्याची धारणा होती. आज कोणत्याही चांगल्या वर्गात मतभेदांची उकल करताना याहून निराळे काय सांगावे लागेल?

आबेलारची कहाणी मात्र सुखाची नाही. पवित्र त्रैक्यावरील त्याचा ग्रंथ ११२१ साली स्वासोंच्या परिषदेने दोषी ठरवला आणि तो त्याला स्वतःच्या हाताने अग्नीत टाकावा लागला. पुढे ११४०–४१ च्या सुमारास सेन्स या नगरात त्याची गाठ क्लेरव्होच्या संत बर्नार्डशी पडणार होती. जाहीर वाद होईल, दोन्ही बाजू ऐकल्या जातील, अशा अपेक्षेने आबेलार तेथे गेला. प्रत्यक्षात आदल्या रात्रीच बिशपांच्या बैठकीत त्याची विधाने दोषी ठरली होती. दुसऱ्या दिवशी आबेलार उभा राहिला आणि त्याने उत्तर देण्याचे नाकारले. आपण परमगुरुस्वामींकडे दाद मागू, एवढेच तो बोलला. तेथेही निकाल त्याच्या विरुद्ध लागला. रोमच्या वाटेवर असलेल्या या थकल्या माणसाला क्लुनीच्या मठाधिपती पीटर यांनी आपल्या मठात आसरा दिला. बर्नार्ड आणि आबेलार यांची समेटाची भेटही तेव्हाच घडून आली. ११४२ साली आबेलारचा अंत झाला.

सेन्स येथे कोणाचे मत बरोबर होते, हा ईशज्ञानाच्या पंडितांचा विषय आहे. आम्हांला त्या प्रसंगातली दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. संत बर्नार्ड हे थोर पुरुष होते. परंतु निर्णय रात्री झाला आणि ऐकणे सकाळी व्हायचे होते. जेथे निकाल आधी लिहिला जातो, तेथे वाद होत नाही, त्याचा केवळ देखावा उरतो.

पेंढ्यावर बसलेला वर्ग

आबेलार गेला, पण त्याची रीत उरली. त्याच सुमारास बोलोन्या येथे ग्रेशियन याने ख्रिस्तसभेच्या परस्परविरोधी नियमांचा मेळ घालणारा संग्रह रचला. पुढच्या पिढीत पॅरिसमधील शाळांचे विद्यापीठ झाले. फ्रान्सच्या राजाने १२०० साली त्याला सनद दिली. १२३१ साली पोप नववे ग्रेगरी यांनी त्याचे अधिकार मान्य केले. विद्यार्थ्यांना बसायला बाके नव्हती. पॅरिसमधील एका गल्लीचे नावच पेंढ्यावरून पडले आहे, कारण तेथील वर्गांत मुले जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर बसून शिकत.

या विद्यापीठात अध्यापकाची तीन कामे ठरलेली होती: ग्रंथ वाचून समजावणे, वाद चालवणे आणि प्रवचन करणे. म्हणजे वाद हा वार्षिक समारंभातील करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. ग्रंथवाचनाइतकाच तो अध्यापनाचा अविभाज्य भाग होता.

वाद चाले तो असा. अध्यापक एक प्रश्न आधी जाहीर करी. ठरलेल्या दिवशी इतर पाठ बाजूला ठेवले जात आणि विद्यार्थी व सहअध्यापक एकत्र जमत. अध्यापक आसनावर असे, पण उत्तरे देण्याची जबाबदारी त्याची नसे. ती त्याच्या हाताखाली तयार होणाऱ्या एका प्रगत विद्यार्थ्यावर असे. सभेतून आक्षेपांमागून आक्षेप येत आणि या विद्यार्थ्याने ते जमेल तसे पेलायचे. तो अडखळला तर अध्यापक सावरून घेई. पहिला दिवस असा आक्षेपांचा. त्यानंतर दुसऱ्या बैठकीत अध्यापक सगळे आक्षेप ओळीने लावी, स्वतःचा निर्णय कारणांसह सांगे आणि मग एकेका आक्षेपाला उत्तर देई. कोणताही आक्षेप 'हा मूर्खपणा आहे' म्हणून वगळता येत नसे.

वर्षातून दोनदा, नाताळापूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, याहून धाडसी सभा भरे. तिच्यात प्रश्नही अध्यापकाने निवडायचा नसे. कोणीही उठावे आणि काहीही विचारावे. सर्व अध्यापक या अग्निपरीक्षेला तयार होत नसत. संत थॉमस अक्वायनस तयार होत. त्यांच्या अशा बारा सभांची नोंद आज उपलब्ध आहे. त्यांत ईशज्ञानाचे गहन प्रश्न आहेत, तसाच मद्य, राजा, स्त्री आणि सत्य यांत अधिक बलवान कोण, असा मिस्कील प्रश्नही आहे. संतांनी त्यालाही गंभीरपणे उत्तर दिले आहे.

अशाच एका सभेत त्यांना विचारण्यात आले, की अध्यापकाने प्रश्नाचा निर्णय अधिकारवचनांच्या आधारे करावा की युक्तिवादाने? त्यांच्या उत्तराचा आशय असा. एखादी गोष्ट तशी आहे की नाही, एवढीच शंका फेडायची असेल तर ऐकणाऱ्याला मान्य असलेली वचने पुढे ठेवावीत. परंतु विद्यार्थ्याला सत्य समजावून द्यायचे असेल तर त्या सत्याच्या मुळाशी नेणारी कारणेच सांगावी लागतात. नुसत्या वचनावर निर्णय दिला तर विद्यार्थ्याची खात्री होईल, पण त्याला ज्ञान होणार नाही. तो आला तसा रिताच परत जाईल. हे वाचले तेव्हा मागच्या बाकावरची ती मुलगी आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आम्ही तर तिला वचनही दिले नव्हते, कारणही नाही.

पहिला आक्षेप

संत थॉमस १२५६ साली पॅरिसमध्ये अध्यापक झाले. 'सत्याविषयी' या नावाने प्रसिद्ध असलेले त्यांचे वाद १२५६ ते १२५९ या तीन वर्षांतले. पुढे त्यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी 'सुम्मा थेओलोजिए' हा महाग्रंथ लिहावयास घेतला. १२७३ च्या डिसेंबरात त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि ७ मार्च १२७४ रोजी ते निवर्तले; ग्रंथ अपुराच राहिला. आज आपण त्या ग्रंथाकडे सिद्धान्तांचा कोश म्हणून पाहतो. परंतु त्याचे पान उघडले की दिसते तो वर्गच. प्रत्येक लहान प्रकरण प्रश्नाने सुरू होते. लगेच संतांच्या स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप येतात, एक, दोन, तीन. मग उलट बाजूचे एखादे वचन. मग संतांचे उत्तर. शेवटी प्रत्येक आक्षेपाची स्वतंत्र दखल.

ग्रंथाच्या पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नाचे तिसरे प्रकरण पाहावे. प्रश्न आहे, देव आहे काय? आणि ख्रिस्तसभेचा हा थोर आचार्य आरंभ करतो तो 'देव नाही असे दिसते' या बाजूने! पहिला आक्षेप असा, की देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा. तो असता तर जगात वाईट उरलेच नसते. पण जगात वाईट तर आहे. दुसरा आक्षेप असा, की जगातील सर्व घडामोडींचा उलगडा निसर्ग आणि मानवी इच्छा यांनी होतो, मग देव मानण्याचे प्रयोजन काय? यानंतर देवाच्या अस्तित्वाकडे नेणारे संतांचे सुप्रसिद्ध पाच मार्ग येतात. नंतर पहिल्या आक्षेपाचे उत्तर येते: देव वाइटाला वाव देतो, कारण त्यातूनही चांगले निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी आहे. हा विचार त्यांनी संत ऑगस्टीन यांच्याकडून घेतला आहे.

बुडालेल्या होडीचा प्रश्न तो हाच. आम्ही ज्याला अश्रद्धा समजलो, तो या महान ग्रंथात पहिल्या क्रमांकाचा आक्षेप म्हणून सन्मानाने नोंदलेला आहे. संतांच्या उत्तराने त्या मुलीचे दुःख हलके झाले असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तुझा प्रश्न पाप नाही, तो मोठमोठ्यांनी विचारला आहे, एवढे तरी तिला कळले असते.

हे वाचताना मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटेल. आपल्या देशातील शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडण्याची रीत फार जुनी आहे. त्यालाच पूर्वपक्ष म्हणतात. मीमांसकांनी चर्चेची पाच अंगे मानली: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तर आणि निर्णय. पॅरिसच्या वादाचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिक शिक्षक कोठेही असला तरी तो याच वळणावर येऊन पोचतो, एवढेच खरे. न्यायशास्त्राने तर आणखी एक बारकावा सांगितला आहे. सत्य शोधण्यासाठी चाललेली चर्चा तो 'वाद', केवळ जिंकण्यासाठी चाललेली तो 'जल्प' आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ पाडापाडी करणे ती 'वितंडा'. आपल्या शाळांतील स्पर्धांना आपण 'वादविवाद' म्हणतो खरे. त्यांत वाद किती आणि जल्प किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

जो वाद नव्हताच

येथवर आम्ही उजळ बाजू सांगितली. इतिहास लिहिणाऱ्याने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्हीच पूर्वपक्ष वगळल्यासारखे होईल.

याच पॅरिस नगरीत १२४० साली आणखी एक 'वाद' झाला. राजा नववा लुई, जो पुढे संत म्हणून गौरवला गेला, त्याच्या दरबारात यहुदी धर्मगुरूंना तालमूद या त्यांच्या ग्रंथाचा बचाव करण्यासाठी उभे करण्यात आले. राजमाता ब्लांश तेथे उपस्थित होती. यहुद्यांच्या बाजूने पॅरिसचे रब्बी येहिएल बोलले. त्यांना आरोपांची उत्तरे देण्याची मुभा होती. उलट प्रश्न विचारण्याची नव्हती. एक बाजू न्यायासनावर होती आणि दुसरी आरोपीच्या पिंजऱ्यात. शेवट ठरल्यासारखाच झाला. १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदच्या हस्तलिखितांनी भरलेल्या चोवीस गाड्या जाळण्यात आल्या असे सांगितले जाते. छपाईची कला अजून दोन शतके दूर होती. त्या गाड्यांतील एकेक पान कोणीतरी हाताने लिहिलेले होते. यहुदी समाजाविषयी आदराची भाषा ख्रिस्तसभेने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, अधिकृतपणे उच्चारली. ती उच्चारायला सातशेहून अधिक वर्षे लागली.

खुद्द विद्यापीठातील मोकळीकही अमर्याद नव्हती. ७ मार्च १२७७ रोजी, संत थॉमस यांच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे होत असताना, पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील काही विधाने संत थॉमस यांच्या शिकवणुकीला स्पर्श करणारी होती. १३२३ साली थॉमस यांना संतपद मिळाले आणि १३२५ साली पॅरिसच्या बिशपांनी, तो निषेध थॉमस यांच्या शिकवणुकीला जेथवर लागू होत होता तेथवर, मागे घेतला. ज्यांच्या नावाने पुढे शतकानुशतके गुरुविद्यालयांत शिकवले गेले, त्यांनाही एकदा संशयाच्या छायेत उभे राहावे लागले होते. आजचा संशयित हा उद्याचा आचार्य असू शकतो, हे वर्गात प्रश्न दाबण्यापूर्वी आठवलेले बरे.

पॅरिसहून गोव्याकडे

पॅरिसची ही रीत आपल्या किनाऱ्यापर्यंत आली ती येशूसंघीयांच्या मार्फत. संत इग्नाशियस लोयोला यांनी १५२८ ते १५३५ या काळात पॅरिसमध्ये शिक्षण घेतले; संत फ्रान्सिस झेवियर तेथलेच. त्यांच्या संघाने पुढे शाळा काढल्या, त्या पॅरिसच्या पद्धतीवर. १५९९ साली संघाने आपल्या सर्व शाळांसाठी 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणाची नियमावली जाहीर केली. वरच्या वर्गांसाठी तिने दर आठवड्याला एक आणि दर महिन्याला एक मोठा वाद सांगितला आहे. वाद चालवणाऱ्या अध्यापकासाठी त्यात एक सुरेख सूचना आहे. त्याने असे वागावे की तो दोन्ही बाजूंनी लढतो आहे असे वाटावे. कोणी चांगला मुद्दा मांडला तर त्याचे कौतुक करावे. फार वेळ गप्प राहू नये आणि सतत बोलतही राहू नये.

खालच्या वर्गांत मुलांना प्रतिस्पर्धी नेमून दिलेले असत आणि ती एकमेकांच्या चुका पकडत. पुष्कळ शाळांत वर्गाचे दोन तट पाडून एकाला रोमन आणि दुसऱ्याला कार्थेजी म्हणत. मुलांत त्याने चुरस आली, अभ्यासाला धार आली. परंतु जिंकण्याची गोडी लागली की सत्याची गोडी मागे पडते, हा धोकाही त्याच वर्गात जन्माला आला. आपल्या शाळांतील ढाली आणि करंडक या चुरशीच्याच दूरच्या नात्यातले आहेत.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले आणि तेथील संत पॉल विद्यालय लवकरच येशूसंघाच्या हाती आले. १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. मराठी भाषेचे हे लेणे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच्या आरंभीच्या भागातील एक प्रसंग आपण सहसा लक्षात घेत नाही. धर्मशिक्षणाचा पाठ आटोपल्यावर एक ब्राह्मण श्रोता पुढे येतो आणि पाद्री गुरूंना विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या विनंतीला उत्तर म्हणून पुराणकथन सुरू होते. म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या जन्माचे कारण म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका प्रश्नाकडे बोट दाखवतो.

त्या प्रश्नात एक वेदना आहे, तीही झाकून ठेवू नये. पुराणे 'बंद केली' होती. देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायासन बसले होते. अशा वातावरणात श्रोत्याचे धैर्य आणि लेखकाची प्रांजळता, दोन्ही मोलाची वाटतात. तो प्रश्न स्टीफन्स यांना वगळता आला असता. त्यांनी तो आपल्या ग्रंथाच्या दारात ठेवला.

संतपदाच्या चौकशीतही ख्रिस्तसभेने शतकानुशतके विरोधकाला जागा दिली. १५८७ पासून त्यासाठी एक अधिकारी असे. संतपदासाठी सुचवलेल्या व्यक्तीविरुद्ध जे काही बोलता येईल ते त्याने बोलायचे. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली संतपद मिळाले, तेव्हाही ही पद्धत चालू होती. १९८३ साली तिचे स्वरूप पालटले. ज्यांच्या पुढे आपण मेणबत्ती लावतो, त्यांच्याविषयीसुद्धा उलटतपासणीची भीती बाळगली गेली नाही. मग आपल्या मुलांच्या प्रश्नांची भीती आपण का बाळगावी?

आपल्या वर्गासाठी

आता आपल्या वर्गाकडे येऊ. दरवर्षी शाळांत वादविवाद स्पर्धा होतात. पक्षाचे आणि विपक्षाचे भाषण बहुधा घरी कोणीतरी मोठ्याने लिहून दिलेले असते. मूल ते तोंडपाठ करते, हातवारे शिकते, टाळ्या घेते आणि बक्षीस मिळाले तर पेढे वाटते. समोरचा काय बोलला हे त्याने ऐकलेले नसते, कारण स्वतःचे पुढचे वाक्य विसरू नये म्हणून ते मनात घोकत बसलेले असते. यात मुलाला बोलण्याचे धाडस येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण दुसऱ्याचे मत समजून घेण्याचे धाडस याहून वेगळे आहे.

जुन्या वर्गापासून तीन साध्या गोष्टी घेता येतील. पहिली, उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि "होय, हेच मला म्हणायचे होते," असे त्याने मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी, अर्धा तास झाला की बाजू बदलाव्यात. गावातील विहिरींचे पाणी टँकरने शहराला द्यावे काय, हा प्रश्न घ्या. ज्या मुलाच्या घरची वाडी त्या विहिरीवर जगते, त्याने शहरातल्या तहानलेल्या इमारतीच्या बाजूने बोलावे. जो इमारतीत राहतो त्याने वाडीच्या बाजूने. दोघेही घरी जाताना आपापल्या मतावर ठाम राहिले तरी हरकत नाही. पण दुसऱ्या घरातही माणसेच राहतात, हे त्यांना कळलेले असेल. तिसरी, शिक्षकाने आपला निर्णय त्याच दिवशी सांगू नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. सेन्स येथे निर्णय आदल्या रात्री झाला होता. पॅरिसच्या वर्गात तो ऐकून झाल्यावर होत असे. सारा फरक त्या रात्रीच्या जागेत आहे.

काही पालक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्या बाजूने मांडून पाहतो: मूल कोवळे असते, सगळ्याच बाजू सारख्या आहेत असे त्याला वाटू लागले तर ते कशालाच धरून राहणार नाही, घराला आणि धर्माला काही पक्के आधार हवेत. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच पॅरिसचा अध्यापक वाद मोकळा सोडून निघून जात नसे. दुसऱ्या बैठकीत तो निर्णय सांगे आणि त्याची जबाबदारी घेई. सर्व मते सारखी आहेत, असे त्या वर्गाने कधीच शिकवले नाही. सत्य आहे, म्हणूनच ते प्रश्नाला भीत नाही, हे त्याने शिकवले. जो आधार एका मुलीच्या प्रश्नाने हलतो, तो आधार पक्का नसतो. आणि जो पक्का असतो, त्याला तिला गप्प बसवण्याची गरज पडत नाही.

प्रभू येशूच्या बालपणाची एकच कथा शुभवर्तमानात सविस्तर येते. बारा वर्षांचा मुलगा यात्रेतून हरवतो आणि तीन दिवसांनी आईबापांना मंदिरात सापडतो. तो शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला असतो, त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. ऐकणे आणि विचारणे, दोन्ही. आणि ऐकणे आधी. त्या शास्त्र्यांनी त्याला "मोठा झालास म्हणजे कळेल" असे म्हटल्याचे कोठे लिहिलेले नाही.

त्या मुलीचा प्रश्न आम्ही अजून जपून ठेवला आहे. आता मुलांना देवाच्या दयाळूपणाचा धडा शिकवण्याची वेळ आली की पुस्तक उघडण्यापूर्वी आम्ही तो स्वतःच विचारतो. वर्गात पूर्वीसारखीच शांतता पसरते. पण आता कोणी ना कोणी हात वर करतो.